देव्हाऱ्यातला घोडेस्वार: एका शिपायाच्या पदकांचा माग

हे प्रकरण सुरू झालं ते कमानीवर काय लिहायचं यावरून. लोहा तालुक्यातलं एक गाव. ग्रामपंचायतीनं वेशीवर कमान बांधायचं ठरवलं आणि मजकूरही ठरवला : 'व्हिक्टोरिया क्रॉस विजेते सुभेदार अमुक अमुक प्रवेशद्वार'. हा अमुक म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पणजोबा. नाव आणि गाव इथं देत नाही. घरच्यांनी तशी अट घातली होती आणि मला ती रास्त वाटली. विद्यार्थी आता स्वतः शाळेत शिकवतो. रंगारी यायच्या आधी त्याच्याच मनात पाल चुकचुकली आणि एका रविवारी तो नांदेडला माझ्या घरी आला. हातरुमालात दोन पदकं बांधलेली.

"तिसरं कुठंय?" मी विचारलं, कारण फोनवर तो तीन म्हणाला होता.

"सर, ते देवात आहे. आजी देत नाही."

घरात चालत आलेली कथा अशी : पणजोबा दोन्ही महायुद्धं लढले, सुभेदार झाले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि इंग्रज सरकारनं शौर्यापोटी सात एकर जमीन इनाम दिली. अशा कथेला एकदम खरी किंवा एकदम खोटी म्हणू नये. ती चार वेगळी विधानं असतात, चौघांचा पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो, आणि बहुतेक वेळा चारातलं एखादं कुणीच मागितलेलं नसतं असं काहीतरी हाती देऊन जातं.

व्हिक्टोरिया क्रॉसचा निकाल पाच मिनिटांत लागला. हे पदक हिंदी शिपायांना खुलं झालं १९११ साली. पहिल्या महायुद्धात ते मिळालेले हिंदी सैनिक ११, पहिला खुदादाद खान. मराठा पलटणींना मिळालेले दोन क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले, दोन्ही इटलीतल्या लढाईतले : नाईक यशवंत घाडगे, जुलै १९४४, आणि शिपाई नामदेव जाधव, एप्रिल १९४५. ही यादी जगजाहीर आहे, तिच्यात कुणी लपून राहू शकत नाही. शिवाय क्रॉस हा नावाप्रमाणे क्रॉसच असतो. रुमालातली दोन्ही पदकं गोल होती.

मग क्रॉस आला कुठून? विद्यार्थ्याच्या वडिलांनी आठवून सांगितलं की तीसेक वर्षांपूर्वी फौजेतून निवृत्त झालेल्या एका पाहुण्यानं पदक हातात घेऊन "हे व्हिक्टरी मेडल आहे" असं म्हटलं होतं. पाहुणा बरोबरच बोलला होता. पण 'व्हिक्टरी'ची 'व्हिक्टोरिया' व्हायला आपल्याकडं फार वेळ लागत नाही, आणि व्हिक्टोरिया म्हटलं की पुढं क्रॉस आपोआप येतो. पुढच्या एका लग्नपत्रिकेत तो छापूनही आला. छापलेल्या गोष्टीवर वाद कोण घालणार?

रुमालातलं पहिलं पदक पितळी रंगाचं. एका बाजूला पंख पसरलेली, हात उचललेली बाई. घरातली पोरं तिला परी म्हणत. पाठीवर इंग्रजीत 'संस्कृतीसाठीचं महायुद्ध, १९१४–१९१९' अशा अर्थाचा मजकूर. हेच व्हिक्टरी मेडल, म्हणजे पहिल्या महायुद्धाचं विजयपदक. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं अशी सुमारे ५७ लाख पदकं वाटली गेली. शौर्याशी त्याचा संबंध नाही. हा माणूस नेमून दिलेल्या कामावर रणक्षेत्रात पोचला होता, एवढंच ते सांगतं. हजेरीपटावरची खूण म्हणा. 'एवढंच' हा शब्द मी लिहितो खरा, पण लोह्याकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं १९१६-१७ साली समुद्र ओलांडणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं मनात आणून पाहावं.

दुसऱ्या पदकावर हिंदुस्थानचा नकाशा आणि १९३९–४५ ही सालं होती. त्यानं मला आणखी कोड्यात टाकलं. ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या शनिवारी गाव गाठलं.

आजींचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. पणजोबा म्हणजे त्यांचे सासरे. मी देव्हाऱ्यासमोर बसलो आणि पदक पाहायला मागितलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, देवाला मेडल म्हनू नाही."

देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक चांदीचं गोल होतं, रुपयापेक्षा थोरलं. हळदी-कुंकवाचा थर इतका की वरचा राजा पार बुजला होता. आजींनी ते उलटं करून दाखवलं : घोड्यावर स्वार, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली कवटी. "घोडा हाय, हातात तलवार हाय, खाली दैत्याचं मुंडकं हाय. मंग खंडोबा न्हाई तर कोन हाय?" त्या घराचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा. मणि-मल्लाला मारणारा देव असाच दिसतो, यावर वाद घालायला माझ्याकडं काही नव्हतं.

हे होतं ब्रिटिश वॉर मेडल, १९१४–१८ च्या युद्धसेवेचं चांदीचं पदक. स्वार म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज. टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल आणि कवटी. संताच्या अंगावर कपडा नाही, हे मी आजींना सांगितलं नाही. तिथं कुंकू दाट होतं, आणि ते राहू द्यावं असं वाटलं.

या पदकांपैकी चांदीचं पदक घरोघर सर्वांत आधी हरवतं. तीन तोळ्यांच्या आसपास चांदी. अडचणीत ते सोनाराच्या मुशीत जातं आणि पितळी तेवढं ट्रंकेत उरतं. इथं उलटं कसं झालं, ते आजींनी न विचारता सांगितलं. "बहात्तरच्या दुष्काळात गोठ गेले, पाटल्या गेल्या, लेकरायचे वाळे गेले. पर खंडोबाला कोन मोडंल?" मराठवाड्यात बहात्तर म्हटल्यावर १९७२ असं वेगळं सांगावं लागत नाही. त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या घरात तीन तोळे चांदी शाबूत राहिली ती संत जॉर्जचा खंडोबा झाल्यामुळं. गैरसमज एरवी पुरावा नासवतात. हा एक पुरावा गैरसमजानं जपला.

आता कडेकडं वळू. हौशी माणसं पदकाचा चेहरा पाहतात आणि इंटरनेटवर तसलंच चित्र शोधतात. चित्र लाखो पदकांवर एकच असतं. माणूस सापडतो तो कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या या दोन्ही गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्या युद्धाचा तारा, म्हणजे चांदणीच्या आकाराचं पदक असलं, तर हा मजकूर त्याच्या पाठीवर असतो.

देव्हाऱ्यातल्या पदकाची कड पन्नास वर्षं चिंच-राखेनं घासून गुळगुळीत झाली होती. मी आजींची परवानगी घेऊन फक्त कड मऊ, ओल्या कापडानं पुसली, पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलक्या हातानं फिरवली आणि विद्यार्थ्यानं मोबाइलची बॅटरी बाजूनं, अगदी आडवी धरली. समोरून धरली की चांदी चमकते आणि काही दिसत नाही. आडव्या उजेडात खोल अक्षराची सावली पडते. चार आकडी क्रमांक, त्यातला दुसरा आकडा ३ की ८ ते कळेना. पुढं 'शिपाई', मग नाव, मग ११४ मराठा. ट्रंकेतल्या विजयपदकाला कुणी कधी घासलं नव्हतं. त्याच्या कडेवर तोच क्रमांक लख्ख होता. दुसरा आकडा ८. जोडीची पदकं म्हणूनच एकत्र ठेवावीत. एकाची झीज दुसरं भरून काढतं.

'मराठा' हा शब्द तिथं मधे एक जास्तीचा 'एच' घालून, 'मऱ्हाटा' वाचावा असा लिहिलेला असतो. जुनी कागदपत्रं शोधताना तेच स्पेलिंग टाकावं लागतं, नाहीतर समोर असलेली नोंदही दिसत नाही. माणसांच्या नावांची गत याहून वाईट. ज्ञानोबा हे नाव गोऱ्या साहेबाच्या कारकुनानं इंग्रजीत कसं लिहिलं असेल? ग्यानोबा, दन्यानोबा, दानोबा, नानोबा, यातलं काहीही. आमच्या शिपायाच्या नावातही एक अक्षर असंच हललेलं होतं.

क्रमांकाबद्दल आणखी एक. तेव्हाच्या हिंदी सैन्यात क्रमांक पलटणीपुरता असे. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीतही एखाद्याला असणार. क्रमांक आणि पलटण मिळून ओळख. नुसता क्रमांक किंवा नुसतं नाव काही कामाचं नाही. हे आम्हाला पुढं जड जाणार होतं.

पलटण कळली हा मराठवाड्याच्या माणसासाठी मोठा टप्पा असतो. साताऱ्याकडं, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, पहिल्या महायुद्धाचं स्मारकच उभं आहे. पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि अलीकडं त्या संगणकावर पाहायलाही मिळू लागल्या. आपल्याकडं तसली वही नाही, आणि आपला मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. त्यामुळं इथला माणूस 'फौजेत होता' म्हटलं की तीन वाटा निघतात. तो निजामाच्या स्वतःच्या फौजेत असेल. तो हैदराबादच्या इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये असेल, जे पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनकडं गेले. किंवा तो थेट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात असेल. चौथी जुनी वाट हैदराबाद कंटिंजंटची. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं तिच्या छावण्या होत्या. पण १९०३ साली ती हिंदी सैन्यात विलीन झाली. पहिल्या वाटेचे कागद हैदराबादला शोधायचे, हिंदी सैन्यातल्यांचे तिथं शोधून उपयोग नाही. विद्यार्थ्यानं आधीचे सहा महिने हैदराबादकडच्या ओळखी काढण्यात घालवले होते. कडेवरच्या दोन शब्दांनी ती वाट बंद झाली.

११४ मराठा ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस टायग्रिसकाठच्या शरकतच्या लढाईत तिनं नाव कमावलं. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी ५ मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या आणि ११४ ही तिची दहावी, प्रशिक्षणाची बटालियन झाली. म्हणून १९२२ नंतरच्या कागदात '११४' शोधणारा रिकाम्या हातानं परततो.

हे ऐकताच विद्यार्थ्याचे डोळे चमकले. "सर, म्हणजे पणजोबा शरकतला होते!"

नाही. पलटण शरकतला होती. पणजोबा त्या दिवशी कंपनीत होते, दवाखान्यात होते, बसऱ्याच्या तळावर खोकी मोजत होते की अजून बोटीतच होते, हे पदक सांगत नाही. लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्ध-रोजनिशी आहेत. त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, साध्या शिपायाचं क्वचित. तिथलीच प्रसिद्ध पदक-कार्डं मुख्यतः ब्रिटिश सैन्याची. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधली ब्रिटिश शिपायांची सेवापत्रकं मोठ्या संख्येनं जळाली, ही हळहळ आपल्या लोकांनी उगाच वाहू नये; आपल्या शिपायाचं पत्रक तिथं नव्हतंच, ते हिंदुस्थानात पलटणीकडं असायचं.

तरी जोडीवरून एक गोष्ट काढता येते. १९१५ च्या अखेरपर्यंत जो रणक्षेत्रात पोचला, त्याला या दोन पदकांबरोबर १९१४ चा किंवा १९१४-१५ चा तारा मिळे. तो नाही. म्हणजे माणूस १९१६ किंवा त्यानंतर पोचला असावा. 'असावा' अशासाठी की तारा हरवलेलाही असू शकतो. पण आजी शपथेवर सांगतात की घरात कधी चांदणी नव्हती, आणि पणजोबा 'प्लेगच्या सालातले', म्हणजे १८९६-९७ च्या आसपासचे. वयाचा हिशेब जुळतो.

या टप्प्यावर एक घोळ झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्याच्या पुतण्यानं, पोरगं हुशार आहे, राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव टाकलं आणि बसरा स्मारकावर त्याच नावाचा मराठा शिपाई काढला. रात्रीतून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पणजोबा 'हुतात्मा' झाले. दिवे, फुलं, नमस्कार. सकाळी आजींनी विचारलं, "मंग माज्या लग्नात अक्षता कोनी टाकल्या?" पहिल्या महायुद्धापुरते त्या यादीत फक्त ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेले असतात. घरी परतलेल्या माणसाचं नाव तिथं नसणं हेच बरोबर. सापडलेला शिपाई ११७ मराठाचा होता, क्रमांक वेगळा. नाव तेवढं एक. त्याच्या घरी परत न आलेल्या माणसाला कुणी शोधतंय की नाही, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ छळत होता.

शौर्याची बाजूही एकदा नीट पाहिली. हिंदी शिपायाला तेव्हा व्हिक्टोरिया क्रॉसखेरीज इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळू शके. त्यांची नावं राजपत्रात येत. आमच्या शिपायाचं नाव आम्हाला मिळालं नाही, आणि घरात तसलं पदकही नाही.

सुभेदारीचं कोडं आजींनीच सोडवलं. "फौजेतून आलेल्याला गाव सुभेदारच म्हंतंय." दोन्ही कडांवर हुद्दा शिपाई. नंतर बढती झाली असेल तर ती पदकावर दिसणार नाही, पण तिचा एकही कागद नाही.

इनामाची सनद मात्र होती. निदान घरचे तिला सनद म्हणत. उर्दूत लिहिलेला, घडीवर फाटलेला कागद. पोलीस कारवाईआधीचे इथले महसुली कागद उर्दूत असायचे आणि आता घरोघर ते न वाचता जपलेले असतात. मला पहिल्यापासून शंका होती. निजामाच्या मुलखातली जमीन इंग्रज सरकार इनाम कशी देणार? ती त्यांची नव्हती. कागद मी उर्दू शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडं नेला. त्यानं पहिली ओळ वाचली आणि हसला. "अहो, हा बैनामा आहे." बैनामा म्हणजे खरेदीखत. साल १३३१. घरच्यांना ते हिजरी वाटलं होतं, पण कागदावर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष आहे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवायचे, म्हणजे १९२१-२२. जमीन सात एकराला थोडी कमी. आणि रक्कम लिहिली होती कलदार रुपयांत.

हा एक शब्द मला अख्ख्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. निजामाच्या राज्यात व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयांत चालत. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, साधारण ६ कलदारला ७ हाली असा भाव. नांदेडकडच्या एका खेड्यात, शेतजमिनीच्या व्यवहारात, घेणारा कलदार मोजतो. ते त्यानं कुठून आणले असतील? हा पक्का पुरावा नाही, सावकाराकडंही कलदार असायचे. पण लढाईआधी हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता हे लक्षात घेतलं आणि परत आल्यावरचं साल पाहिलं, की चित्र दिसू लागतं. इनाम मिळालं नव्हतं. त्यानं जमीन विकत घेतली होती.

विद्यार्थी हे ऐकून थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्यात कुणी कधी सांगितलं नाही, की त्यांनी पैसे साठवले होते."

खुद्द पणजोबांनी काय सांगितलं होतं? आजींना त्यांच्या तोंडून बसऱ्याचं नाव आठवतं. एक गोष्ट आणखी : घरात खजूर आणला की ते उठून बाहेर ओट्यावर जात. का, ते कुणी विचारलं नाही. सुनेनं सासऱ्याला तसलं विचारायची तेव्हा रीत नव्हती.

राहिलं नकाशाचं पदक. घरात दोन महायुद्धांची कथा शिरली ती त्याच्यामुळं. ते इंडिया सर्व्हिस मेडल, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातच केलेल्या सेवेचं. राजा ओळखायची सोपी खूण : दाढीवाला तो पाचवा जॉर्ज, पहिल्या युद्धाचा, बिनदाढीचा सहावा जॉर्ज, दुसऱ्याचा. या पदकाच्या कडेवर एकही अक्षर नाही. १९३९ साली पणजोबा त्रेचाळीसच्या घरात आणि सात एकर कसत होते. मग एका संध्याकाळी विद्यार्थ्याच्या आत्याबाईंना देवळालीला फौजेत असलेले एक चुलत आजोबा आठवले, ज्यांना मूलबाळ नव्हतं आणि ज्यांची ट्रंक या घरात आली होती. पदक त्यांचं असू शकतं. बहुधा असेल. आम्ही त्याला वेगळ्या पाकिटात ठेवलं आणि पाकिटावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.

मधे एक गृहस्थ चांदीच्या पदकाला बरी किंमत द्यायला तयार होते. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि परदेशी पाठवणं गुन्हा होऊ शकतो, एवढं मी विद्यार्थ्याला सांगितलं. गृहस्थांना आजींनी जे सांगितलं ते इथं लिहीत नाही.

कमानीच्या मजकुरावरून ग्रामसभेत गरमागरमी झाली. एकानं विचारलं, "क्रॉस काढला तर कमान कशाला पाहिजे?" विद्यार्थ्यानं तिथंच कागदावर नवा मजकूर लिहून दिला : 'शिपाई', मग पणजोबांचं नाव कडेवर आहे तसं, नंतर घरात म्हणत तसं, आणि खाली '११४ मराठा पलटण, मेसोपोटेमिया'. सालं घातली नाहीत, कारण भरतीचं आणि फौज सोडल्याचं साल अजून हाती नाही. पलटणीच्या अभिलेखांसाठीचा अर्ज क्रमांक-पलटणीसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला आहे. सभेनं मजकूर मान्य केला. कमानीचं काम सध्या वाळूच्या भावावर अडलं आहे.

पदक परत देव्हाऱ्यात आहे. आजी आता कुंकू फक्त घोड्याला लावतात, कडेला लावत नाहीत.